दहा हजारांत एक

खात्यात तपासनीस साहेबांना सगळे 'गुणाकार' म्हणत. अर्थात पाठीमागे. साहेबांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. एकतीस वर्षं ते लिफ्ट तपासत होते. दोनशे सतरा इमारतींच्या दाखल्यांवर त्यांची सही होती. कुणी शंका काढली की ते कागद पुढे ओढत, दोन आकडे मांडत, मध्ये फुली मारत आणि उत्तराखाली दोन रेघा ओढत. रेघा पडल्या की समोरच्याने गप्प बसायचं, अशी तिथली रीतच होऊन गेली होती. निवृत्तीला पाच महिने उरले होते आणि आजवर त्यांचं एकही उत्तर परत आलं नव्हतं.

त्या दिवशी दुपारी ते एका आठ मजली, सगळ्या ऑफिसांच्या इमारतीत आले. लिफ्टचा दाखला नवा करून द्यायचा होता. दोन महिन्यांपूर्वी याच लिफ्टच्या चौकशीवर त्यांनीच सही केली होती, त्यामुळे इथली खडान् खडा माहिती त्यांना होती. तळमजल्यावर लिफ्टमध्ये शिरून त्यांनी घंटेचं लाल बटण दाबलं. पहारेकऱ्याच्या टेबलावर घंटा खणखणली. मग त्यांनी आतला फोन उचलला. "बोला साहेब," नवा पहारेकरी म्हणाला. तो दहा पावलांवरच बसला होता, त्यामुळे त्याचा आवाज फोनच्या आधी दारातूनच आला. साहेबांनी रजिस्टरात बरोबरच्या दोन खुणा केल्या आणि आठ नंबर दाबला.

दुसऱ्या मजल्यावर दार उघडलं. आधी एक बादली आत आली, मग लोखंडी दांड्याचा मॉप आणि त्यामागून एक बाई. पन्नाशीची, ठेंगणी, कमरेला निळा एप्रन.

"सहावा दाबा हो," ती म्हणाली. "माझे हात ओले आहेत. ओल्या हाताने बटणाला शिवायचं नाही अशी पाटी लावलीय, तीसुद्धा मलाच पुसावी लागते."

साहेबांनी सहा दाबला. पाचवा मजला खाली गेला आणि लाइट गेली.

लिफ्टने एक आचका दिला आणि ती मधेच थांबली. पंख्याची घरघर बंद झाली. बादलीतलं सगळं पाणी साहेबांच्या बुटांवर सांडलं. छतातला छोटा इमर्जन्सी दिवा लागायला हवा होता, तो लागला नाही. अंधार असा, की डोळे उघडे आहेत की मिटलेले तेही कळेना.

"झालं!" अंधारातून बाईचा आवाज आला. "आता बसा."

साहेब घाबरले नाहीत. अडकलेली लिफ्ट पडत नाही, हे त्यांनी हजार वेळा लोकांना सांगितलं होतं. त्यांनी चाचपडत लाल बटण शोधलं आणि दाबलं. काही ऐकू आलं नाही. पुन्हा दाबलं, मग दाबूनच धरलं. खालून काही नाही, वरून काही नाही. त्यांनी फोन उचलून कानाला लावला. त्यात साधी गुणगुणही नव्हती. मोबाइल काढला, तर पोलादी भिंतींत त्याला रेंज कुठून मिळणार! त्याचा तेवढा उजेड झाला आणि त्या उजेडात त्यांना दिसलं, की बाई त्यांच्या बोटाकडे टक लावून बघते आहे.

"वाजत नाही?" तिने विचारलं.

"नाही."

"फोन?"

"फोनही बंद आहे."

बाईने दोन्ही हात तोंडावर ठेवले. रडते की काय, म्हणून साहेब धीर द्यायला पुढे झाले, तर बाई हसत होती. खांदे हलवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

"दोन्ही बंद! अहो, दोन्ही बंद! एकदम! पाहिलंत ना तुम्ही? तुमच्या डोळ्यांनी पाहिलंत ना?"

"बाई, यात हसण्यासारखं—"

"तुम्ही साक्षीदार आहात! शिकलेले दिसता, तुमचं ऐकतील. बाहेर पडलो की चला माझ्याबरोबर त्या व्यवस्थापकाकडे. नाही म्हणायचं नाही. आणि नाही म्हणालात तरी आता जाता कुठे?"

खरंच होतं. साहेबांना जायला जागा नव्हती. चार फूट बाय चार फूट, त्यात एक बादली. ते बाईपासून जमेल तेवढे मागे सरकले, पण लिफ्ट अडकली म्हणून नव्हे. ही बाई कोण असेल, याचा अंदाज त्यांना आला होता.

दोन महिन्यांपूर्वी अशीच भर दुपारी लाइट गेली होती. सहाव्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरकडे आलेले एक आजोबा लिफ्टमध्ये दोन तास अडकले. बाहेर काढलं तेव्हा त्यांची शुद्ध हरपली होती, आणि तिसऱ्या दिवशी ते दवाखान्यातच वारले. तेव्हाच्या पहारेकऱ्याचं म्हणणं एवढंच होतं, की मी टेबलावरून हललो नाही, घंटा वाजली नाही आणि फोनही वाजला नाही. नियमच तसा होता. लाइट गेली की टेबलाशी थांबायचं, घंटेकडे कान ठेवायचा. घंटा वाजली नाही तर लिफ्ट रिकामी समजायची. चौकशीला आलेल्या साहेबांनी नोंदी काढल्या. शंभर वेळा तपासलं तर एखाद्या वेळी घंटा दगा देते. फोनचंही तसंच, शंभरात एक. शंभर गुणिले शंभर. दोन्ही एकाच वेळी बंद पडण्याची शक्यता दहा हजारांत एक. खाली दोन रेघा. 'सबब पहारेकरी जागेवर नव्हता अथवा झोपला होता,' असं लिहून साहेब चारच्या ठोक्याला घरी गेले होते.

"तेवीस वर्षं," बाई सांगत होती. ती बादली पालथी करून तिच्यावर बसली होती. "तेवीस वर्षं आमचे हे खाली बसले. एकदा ताप होता एकशे तीन, तरी बसले. आणि तो मेला तपासनीस आला, दहा मिनिटं टेकला, कागदावर फुली मारली नि म्हणाला, हा झोपला होता. त्या मेल्याला काय स्वप्न पडलं होतं?"

साहेबांनी मोबाइलचा उजेड बंद केला. बॅटरी वाचवायला, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

"नोंदी बघूनच लिहिलं असेल त्यांनी," ते अंधारात म्हणाले. "दोन वेगवेगळ्या वस्तू एकदम बिघडणं तसं फार क्वचित होतं. हिशेबच तसा आहे."

"कसला हिशेब?"

"समजा, घंटा शंभरात एकदा बिघडते. फोन शंभरात एकदा. तर दोन्ही एकदम..."

"थांबा, थांबा. माझी सासू होती. शंभर दिवसांत एखादा दिवस रुसायची. बाकी गरीब हो. आमचे हेही तसेच, शंभरात एखादा दिवस फुगणार. तुमच्या हिशेबाने दोघं एकाच दिवशी फुगायला किती दिवस लागतील?"

"दहा हजार दिवसांतून एकदा. म्हणजे साधारण सत्तावीस वर्षांनी."

"आणि माझ्या घरात दर वेळी दोघं एकदमच फुगायचे!" बाईने मांडीवर थाप मारली. "एक कळ तिकडे फिरली की दुसरं तोंड वाकडं झालंच. का? तर सासू रुसली की लेकाच्या कानाशी लागायची. राग दोन कुठे होते? राग एकच, तोंडं दोन. तुमच्या त्या साहेबाला लग्न झाल्याशिवाय हिशेब करू देऊ नये."

साहेब हसणार होते, पण एकदम त्यांचं लक्ष वर गेलं.

छतातला दिवा लागला नव्हता. हा तिसरा. घंटा, फोन आणि दिवा. त्यांच्या रीतीने मांडलं तर शंभर गुणिले शंभर गुणिले शंभर, दहा लाखांत एक. एकाच इमारतीत, एकाच लिफ्टमध्ये, दोन महिन्यांत दुसऱ्यांदा. असलं काही होत नाही. एकतीस वर्षांत त्यांना कधी आकड्याची भीती वाटली नव्हती, ती आता वाटली. ते भिंतीला पाठ टेकून उभे राहिले आणि डोक्यात वायरी उलगडू लागले. घंटेची वायर वर जाते. फोनची वर जाते. दिव्याचीही. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत भिंतीवर एक करडी पेटी आहे, पेटीत एक बॅटरी. लाइट असते तोवर तिघांनाही मेनमधून पुरवठा. लाइट गेली की तिघांनाही ती एकच बॅटरी. आणि ती बॅटरी मेलेली असली तर?

पण मग तपासणीत हे कळलं कसं नाही? याचं उत्तर त्यांना लगेच सुचलं. तपासणी लाइट असतानाच होते. आज केली तशी. शंभरातली प्रत्येक तपासणी अशीच, लाइट असताना, तळमजल्यावर, पहारेकरी दहा पावलांवर असताना. लाइट जाते तेव्हा घंटा वाजते का, हे एकतीस वर्षांत कुणी पाहिलंच नव्हतं. मेन बंद केली तर ऑफिसवाले बोंब मारतात, म्हणून खात्याने ती पद्धतच ठेवली नव्हती. ती पद्धत साहेबांनीच नव्या लोकांना शिकवली होती.

घंटा बंद आहे असं एकदा कळलं, की फोन बंद असण्याची शक्यता किती? त्यांनी प्रश्न नीट मांडला. पूर्वी तो असा मांडलाच नव्हता. शंभरात एक नव्हे. बॅटरी गेल्यामुळे घंटा बंद, तर फोनही बंदच. शंभरात शंभर. तिथे गुणायला काही नव्हतंच. तेवीस वर्षं जागेवर बसलेला माणूस खरं बोलत होता आणि त्यांनी त्याच्या डोक्यावर खापर फोडून दोन रेघा ओढल्या होत्या.

"गप्प का झालात?" बाई म्हणाली. "उकडतंय?"

"हो."

"तुम्ही साक्ष द्याल ना पण? आज पाचपर्यंतच वेळ आहे."

"कशाला पाचपर्यंत?"

"एक कागद आलाय. झोप लागली होती, असं लिहून सही करायची. केली तर जिन्याखालची आमची खोली सहा महिने राहू देणार. नाही केली तर उद्या सामान रस्त्यावर. आणि हे निघालेत सही करायला! मी म्हटलं, हात तोडीन. कागद माझ्या एप्रनमध्ये ठेवलाय मी, इथे. सकाळपासून मागताहेत. माझ्याशी भांडले नाहीत हो कधी, पण आज त्या कागदासाठी भांडले."

आता सांगावं, असं साहेबांना वाटलं. तो मेला तपासनीस मीच, एवढंच वाक्य. तोंड उघडलंही. पण चार बाय चारच्या अंधारात हे सांगायचं, आणि पुढे त्याच अंधारात तिच्याबरोबर उभं राहायचं, एवढी छाती त्यांना झाली नाही. ते खोकले. बाईने तेवढ्यात मॉप उचलला आणि लोखंडी दांडा दारावर आपटायला सुरुवात केली. आवाजाने कानठळ्या बसल्या.

"त्या आजोबांकडे मॉप नव्हता," ती दोन ठोक्यांच्या मधे म्हणाली. साहेबांनी तिच्या हातातून दांडा घेतला आणि तेही आपटू लागले, जीव खाऊन, हात भरून येईपर्यंत. बाईने 'दमाल' म्हटलं तरी थांबले नाहीत.

अर्ध्या तासाने दातांच्या डॉक्टरकडच्या कंपाउंडरला तो आवाज ऐकू गेला. मिस्त्रीने वरच्या खोलीत जाऊन चाक हाताने फिरवलं आणि लिफ्ट इंचाइंचाने पाचव्या मजल्यावर उतरवली. दार फाकवलं तेवढ्यात लाइटही आली. बाहेर व्यवस्थापक उभा होता, त्याच्यामागे पांढराफटक पडलेला नवा पहारेकरी.

"तपासनीस साहेब!" व्यवस्थापक हात जोडत म्हणाला. "माफ करा. तुमच्यासारख्या माणसाला आमच्या इमारतीत असा त्रास..."

बाई बादली उचलायला वाकली होती. ती तशीच वाकलेली राहिली. मग सावकाश सरळ झाली आणि साहेबांकडे बघत राहिली. रागावली असती, शिव्या घातल्या असत्या, तर साहेबांना बरं वाटलं असतं.

व्यवस्थापकाने लिफ्टमध्ये हात घालून लाल बटण दाबलं. खाली घंटा खणखणली. "बघा! ठणठणीत आहे," तो नव्या पहारेकऱ्यावर गरजला. "आणि तू म्हणतोस वाजली नाही? फोनही वाजला नाही? साहेब, तुम्हीच सांगा याला. दहा हजारांत एक, नाही का? हाही झोपलाच होता."

"देवाशपथ साहेब," नवा पहारेकरी म्हणाला.

साहेबांपुढे दोनच वाटा होत्या. मान डोलावली असती तर पाच महिन्यांनी हार गळ्यात पडला असता आणि दोनशे सतरा सह्या जशाच्या तशा राहिल्या असत्या. त्यांनी मान डोलावली नाही. खूप धैर्य आलं म्हणून नव्हे. त्या दांड्याने हाताला फोड आले होते आणि ते झोंबत होते.

"मेन बंद करा," ते म्हणाले.

"आत्ता? साहेब, ऑफिसं चालू आहेत..."

"मेन बंद करा म्हणतो ना!"

मेन बंद झाली. इमारतभर आरडाओरडा झाला. साहेब पुन्हा त्या लिफ्टमध्ये शिरले आणि लाल बटण दाबून, फोन कानाला लावून उभे राहिले. खाली कंपाउंडरला उभं केलं होतं. "वाजली का?" व्यवस्थापकाने जिन्यातून ओरडून विचारलं. "नाही," खालून उत्तर आलं. "फोन?" "नाही."

साहेबांनी तिथेच रजिस्टर उघडलं. मागच्या चौकशीचा निष्कर्ष चुकीचा असून पहारेकऱ्याचा दोष नाही, दोन्ही यंत्रणा एकाच बॅटरीवर अवलंबून होत्या, हे तपासणाऱ्याने लक्षात घेतलं नाही, असं लिहिलं आणि सही केली. व्यवस्थापकाने वाचलं. "मग बाकीच्या इमारती?" त्याने हळूच विचारलं. "त्याही मेन बंद करून पुन्हा तपासायच्या," साहेब म्हणाले.

"मला नका दाखवू," बाई म्हणाली. ती इतका वेळ तिथेच उभी होती. "मला ठाऊकच होतं. त्यांना सांगा."

जिन्याखालची खोली एका खाटेएवढी आणि एका स्टोव्हएवढी होती. छप्पर म्हणजे जिन्याचीच उलटी बाजू, त्यामुळे साहेबांना वाकून आत जावं लागलं. पहारेकरी खाटेवर बसला होता. दाढी वाढलेली, पण शर्ट इस्त्रीचा. साहेबांना बघून तो सवयीने उठला आणि त्याचं डोकं पायरीला लागलं.

साहेबांनी सगळं सांगितलं. माफी मागितली. पहारेकऱ्याने ऐकून घेतलं आणि समजूत घातल्यासारखा म्हणाला,

"नाही साहेब. तुमचं बरोबर होतं. मी झोपलो होतो."

"अहो, काय बोलताय!" बाई ओरडली. "खोली गेली खड्ड्यात, आता सहीची गरज नाही."

"खोलीसाठी नाही गं. खरंच." तो साहेबांकडे वळला. "आधी मलाही वाटायचं, जागा होतो. मग तुमचा कागद वाचला. रोज वाचला. दहा हजारांत एक. नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव वेळा माणूस झोपलेलाच असतो, मग मीच तो एक जागा, असा मी कोण लागून गेलो? मग हळूहळू आठवायला लागलं. पंखा थांबला होता. उकडत होतं. मान टेबलावर गेली. रजिस्टरची कड गालाला टोचत होती, तेही आठवतं. आजोबा दाबत होते आणि मी झोपलो होतो. मला सही करू द्या. त्याशिवाय मला सुटका नाही."

साहेबांनी खिशातून कागद काढला. त्यावर एका बॅटरीचं चित्र काढलं, तिच्यातून तीन वायरी काढल्या, घंटा, फोन, दिवा. बॅटरीवर काट मारली. पहारेकरी वाकून बघत होता. तेवीस वर्षं लिफ्टशेजारी काढलेला माणूस, त्याला हे समजायला वेळ लागला नाही. त्याचं बोट एकेका वायरीवरून फिरलं आणि काट मारलेल्या जागी येऊन थांबलं.

"म्हणजे घंटा वाजलीच नाही."

"नाही."

"आणि फोनही."

"तोही नाही. वाजूच शकत नव्हता. तुम्ही जागे होतात."

पहारेकरी खाली बसला. बाई त्याच्याशेजारी बसली आणि तिने त्याचा हात धरला. मग त्याने मान वर केली. चेहऱ्यावर राग नव्हता, आनंद नव्हता, नुसती भीती होती.

"साहेब," त्याने विचारलं, "मग मला जी झोप आठवते, ती कुणाची?"